पाचपैकी चार

डेपोत सगळे त्यांना तक्तेवाले म्हणत. कुठल्या चालकाने कुठली बस किती वाजता बाहेर काढायची, कोणाची सुट्टी, कोणाच्या जागी कोण, हे सगळं एका लांबरुंद कागदावर आखून फलकावर लावायचं, हे त्यांचं काम. माणूस नाकासमोर चालणारा, आणि नाकासमोर काय येणार आहे तेही आदल्या दिवशी लिहून ठेवणारा. रविवारीसुद्धा सात चाळीसला आंघोळीला जायचे आणि आठ पाचला बाहेर यायचे. "पंचवीस मिनिटं आत करता तरी काय?" असं बायकोने एकदा थट्टेने विचारलं, तर त्यांनी गंभीर चेहऱ्याने मिनिटवार उत्तर दिलं. त्या पंचवीस मिनिटांत बाहेर काय चालतं हे कळलं असतं, तर त्यांनी आंघोळच सोडली असती.

एकोणीस वर्षं ते तक्ता हाताने आखत होते. मग डेपोत संगणक आला. साहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तुम्ही आता फक्त सही करायची. आराम." आराम हा शब्द काही माणसांना शिवीसारखा लागतो, हे साहेबांना कोण सांगणार? तक्ता यंत्रातून निघायला लागला. त्यात चुका असत. तक्तेवाले त्या दाखवत आणि मग त्यांच्याकडेच सगळे अशा नजरेने बघत की जणू म्हाताऱ्याला यंत्राचा मत्सर वाटतोय. वाटत होताच. घरी येऊन ते भिंतीकडे बघत बसायला लागले. जेवायला हाक मारली की यायचे, जेवायचे आणि उठायचे. भाजीत मीठ कमी की जास्त हेही सांगेनासे झाले. बायकोला त्याचीच धास्ती बसली, कारण मिठावरून त्यांनी तिला तोवर एक दिवस सोडलं नव्हतं.

त्याच सुमारास तो खोका हाताला लागला. बसमध्ये विसरलेल्या वस्तू डेपोतल्या एका खोलीत वर्षभर ठेवत, आणि कोणी न्यायला आलं नाही तर वाटून टाकत. छत्र्या, डबे, एकेकटे बूट. त्यात हा खोका होता. आत आठ, बारा, वीस बाजूंचे फासे आणि नियमांचं एक जाडजूड पुस्तक. बाकीच्यांनी फासे हातात घेऊन बघितले आणि छत्र्यांकडे वळले. तक्तेवाल्यांनी पुस्तक उघडलं आणि उभ्याउभ्या चाळीस पानं वाचून काढली.

खेळ असा. एक जण सूत्रधार. तो एक जग रचतो. बाकीचे त्या जगात एकेक पात्र होऊन शिरतात. सूत्रधार म्हणतो, "तुम्ही पुलापाशी आलात. पूल मोडकळीला आलाय, पलीकडे दिवा दिसतोय." खेळणारे सांगतात, आम्ही असं असं करतो. ते जमलं की फसलं, हे फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही की हरत नाही. चार माणसं टेबलाशी बसून मिळून एक गोष्ट रचतात. खोटं बोलण्यातलाच प्रकार, पण सगळ्यांच्या संमतीने.

तक्तेवाल्यांनी मिठाचं शहर रचलं. खाडीच्या तोंडाशी वसलेलं, सात दरवाजांचं. कुठल्या दरवाजावर कोण पहारेकरी, त्याची पाळी कधी बदलते, त्याच्या गुडघ्याचं दुखणं कुठलं, कोठारात कुठल्या पोत्यामागे भुयार आहे, सगळं वहीत. पहिल्या वर्षात नऊ वह्या भरल्या. पहारेकऱ्यांच्या पाळ्यांचे तक्ते असे देखणे की त्या पहारेकऱ्यांनी जन्म घेऊन कामावर रुजू व्हावं.

खेळायला तिघे मिळाले. वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या बाई, कोपऱ्यावरचा चष्मेवाला आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. बाईंनी आयुष्यात रस्तासुद्धा चुकीच्या जागी ओलांडला नव्हता, म्हणून त्यांनी चोर घेतला. चष्मेवाला फुंकर मारली तर उडून जाईल असा, त्याने कुऱ्हाडवाला योद्धा घेतला. धाकट्याने एक भटका गोष्टीवेल्हाळ घेतला, ज्याच्यापाशी हत्यार नाही, पैसा नाही, फक्त जीभ.

"म्हणजे तूच की," तक्तेवाले म्हणाले. "बोलून वेळ मारून नेणारा."

"हो ना दादा," धाकटा म्हणाला. "नवीन काही शिकायला नको."

धाकटा लिफ्ट दुरुस्त करायचा. एकटा राहायचा, जेवायला येतोय की नाही हे ताटं मांडून झाल्यावर कळवायचा. दोघा भावांचा पहिल्या दिवसापासून एकच वाद.

"एवढं लिहितोस कशाला दादा? दोन ओळी लिही. आम्ही काय करतो ते बघ, पुढचं सुचेल की."

"सुचेल? बस सुटायची वेळ झाली की चालक सुचेल, असं म्हणून डेपो चालतो का?"

"लिफ्ट कुठे अडकणार हे मला आधी कुठे कळतं?"

"म्हणून तर ती अडकते."

यावर सगळे हसत. धाकटा सर्वांत जास्त हसे.

तक्तेवाल्यांनी या खेळात स्वतःची एक भर घातली होती. ती कुठल्याही नियमांच्या पुस्तकात सापडायची नाही. खेळ सुरू होण्याआधी ते एक बंद लखोटा टेबलावर ठेवत आणि त्यावर अडकित्त्याएवढा जड एक लोखंडी बोल्ट ठेवत, डेपोतला. लखोट्यात पाच वाक्यं. आज कोण काय करणार, याचे पाच अंदाज. 'चोर पुढच्या दाराने जाणार नाही, कोठारावरून जाईल.' 'योद्धा पहारेकऱ्याला मारणार नाही, नुसता धमकावेल.' तीन तास खेळ होई, बायको चहा आणी, मग भूगोलाच्या बाई लखोटा फोडून वर्गात वाचावं तशा खणखणीत आवाजात वाचत. तयारी म्हणजे नुसत्या वह्या नव्हेत, समोरचा माणूस ओळखणं म्हणजे तयारी, असं तक्तेवाल्यांचं म्हणणं.

म्हणणं थोर होतं, पण पहिले सात-आठ महिने लखोटा फुसकाच निघाला. पाचात एक, फार तर दोन. कधी शून्य. चोर पुढच्या दाराने घंटा वाजवून आत जायचा, योद्धा पहारेकऱ्याच्या गळ्यात गळा घालून रडायचा. तक्तेवाले लखोटा घडी करून खिशात टाकत आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसत. यंत्राने एक तक्ता काढून घेतला होता, आता दुसराही जमत नव्हता.

आणि एका रविवारी पाचपैकी चार आले.

बाईंनी एकेक वाक्य वाचलं आणि प्रत्येक वाक्याला चष्मेवाला "अरे बापरे" म्हणाला. तक्तेवाल्यांचे कान लाल झाले. जेवायला बसले आणि पहिल्या घासाला म्हणाले, "भाजी खारट झालीय." बायको हसायला लागली, ती थांबेचना. भाजी खारट झाल्यावर हसायचं काय असतं, हे त्यांना कळलं नाही.

तेव्हापासून लखोटा लागू पडला. पाचपैकी चार, पाचपैकी चार, अधूनमधून तीन. पाच कधी नाही. आणि जो एक अंदाज हुकायचा तो बहुतेक वेळा धाकट्याचा असायचा. सगळं अचूक जुळत आणलेलं असायचं आणि हा गडी शेवटी असं काही करून बसायचा की ज्याला शेंडा ना बुडखा. तक्तेवाल्यांनी त्याचं नावच पाचवा ठेवलं. "आला आमचा पाचवा," असं दारातच म्हणायचे. "याच्यामुळे माझं शंभर टक्के व्हायचं राहिलंय." धाकटा कान पकडायचा. नऊ वर्षं हेच चाललं होतं.

त्या नऊ वर्षांनी माणूस पुन्हा ताठ केला. डेपोत चहा पिताना ते नव्या चालकांना सांगत, "यंत्राला बस कळते. माणूस कळायला माणूस लागतो." पोरं मागे हसत असतील, हसोत. त्यांना माणसं कळतात, हे एकच भांडवल त्यांच्याजवळ उरलं होतं आणि ते दर रविवारी फोडून, वाचून, खात्री करून घेता येत होतं. टेबलाच्या टोकाची ती खुर्ची गेली असती, तर त्यांना बसायला दुसरी नव्हती.

मग लेकीला दिवस गेले. तिची तब्येत नाजूक, जावयाची फिरतीची नोकरी. बायको चार महिन्यांसाठी तिच्याकडे गेली. जाताना स्वयंपाकघराच्या दाराला सूचनांचा कागद लावून गेली, तो बघून तक्तेवाल्यांना बायकोचा अभिमान वाटला. रविवारचा चहा ते स्वतः करायला लागले.

पहिल्या रविवारी लखोट्यात दोन आले. होतं असं कधी. दुसऱ्या रविवारी एक. बाईंनी वाचताना आवाज जरा खाली घेतला. तिसऱ्या रविवारी तक्तेवाल्यांनी अंदाज लिहिताना तीनदा खोडले, चौथ्या रविवारी तर नवी वहीच केली. कुठल्याही बाजूने यावं आणि नेमकं त्याच दगडाला ठेचकाळावं, तसं चाललं होतं. घरातलं माणूस गावाला गेलं की घड्याळसुद्धा मागे पडतं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

पाचव्या रविवारी त्यांनी आठव्या दरवाजाची तयारी केली होती. मिठाच्या शहराला सात दरवाजे, हे सगळ्यांना पाठ. आठवा आहे हे नऊ वर्षं त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं. त्याच्यासाठी चाळीस पानं लिहिली होती. खेळणारे खाडी ओलांडतील, समोरच्या भिंतीवरचा पांढरा डाग बघतील आणि मग तो दरवाजा सापडेल. खाडी ओलांडायला एक नावाडी लागणार होता. नावाड्याबद्दल वहीत अर्धी ओळ होती: 'नावाडी पलीकडे सोडतो.'

चोर झालेल्या बाईंनी नावेत पाय ठेवता ठेवता विचारलं, "तुझं नाव काय रे बाबा?"

तक्तेवाल्यांनी वही बघितली. नावाड्याला नाव नव्हतं. "नाव काय करायचंय," ते म्हणाले. "तो तुम्हाला पलीकडे सोडतोय."

"असं कसं? आम्ही त्याच्या नावेत बसतोय."

"घरी कोण कोण आहे याच्या?" चष्मेवाल्याने विचारलं. "हा हसत का नाहीये?"

तक्तेवाले पानं उलटत राहिले. फासे टेबलावर पडून होते. सगळे वाट बघत होते. तेवढ्यात धाकटा हळूच म्हणाला, "दादा, मी बोलू का त्याच्या वतीने? थोडंसंच."

त्यांनी मान हलवली. हलवली ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

धाकट्याने खांदे पाडले, एक हात वल्ह्यावर असल्यासारखा धरला आणि त्याचा आवाज बदलला. नावाडी म्हणाला, मला नाव होतं, पण या शहराने ते मिठाच्या बदल्यात ठेवून घेतलंय. सोडवून आणाल तर नावेचं भाडं माफ. बाईंचे डोळे चमकले. चोराने विचारलं, कुठे ठेवलंय? योद्धा म्हणाला, मी आत्ता जातो. पुढचा दीड तास तिघे जण नावेतच बसून होते. पलीकडे कोणी गेलंच नाही. बाईंना हसता हसता रडू आलं आणि चष्मेवाला खुर्ची सोडून उभा राहून बोलत होता. नऊ वर्षांत तो कधी उभा राहिला नव्हता. तक्तेवाले हे सगळं टेबलाच्या टोकावरून बघत होते, चाळीस पानांवर हात ठेवून.

चहा कोणाला आठवला नाही. लखोटा शेवटी त्यांनी स्वतःच फोडला. पाचपैकी शून्य.

"एक तरी," बाई म्हणाल्या, "म्हणजे तसं बघितलं तर दुसरं वाक्य जवळपास..."

"राहू दे," तक्तेवाले म्हणाले. मग ते भावाकडे वळले. रागाला एकदा वाट मिळाली की तो फार लांबचं सामान बाहेर काढतो. "तुझ्या हातून जन्मात एक गोष्ट ठरवून झाली नाही. घर नाही, संसार नाही. जिथे जाशील तिथे आयत्या वेळी तोंड वाजवायचं आणि दुसऱ्याने घाम गाळून उभं केलेलं आपलं म्हणून मिरवायचं. आई गेली तेव्हासुद्धा तू वेळेवर नव्हतास."

आई गेली तेव्हा धाकटा नवव्या आणि दहाव्या मजल्याच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधून तीन माणसांना बाहेर काढत होता. हे तक्तेवाल्यांना माहीत होतं. खोलीतल्या प्रत्येकालाच माहीत होतं.

चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसायला घेतला. धाकट्याने आपले फासे गोळा केले. एक खुर्चीखाली गेला होता, तो वाकून उचलला. "बरं दादा," म्हणाला, आणि गेला. त्याच्या जिभेचं एवढं कौतुक होतं, पण त्या दिवशी त्याने ती वापरली नाही.

पुढच्या रविवारी तक्तेवाल्यांनी दोनच खुर्च्या मांडल्या. बाईंनी निरोप पाठवला की पेपर तपासायचे आहेत. चष्मेवाल्याकडे माल मोजायचा होता. त्याच्या पुढच्या रविवारी बाईंचे पेपर अजून संपले नव्हते आणि चष्मेवाल्याचा माल अजून मोजून झाला नव्हता. तिसऱ्या रविवारी बाई जिना उतरताना दिसल्या, हातात फाशांची ती निळी पिशवी. तक्तेवाले गॅलरीतून आत आले. पाचव्याने माणसं फोडली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार.

बायको आली ती नातीच्या गोष्टी तोंडात घोळवतच. बॅग दारात ठेवली, पाणी प्यायली आणि रविवार होता म्हणून विचारलं, "टेबल का नाही लावलं?" त्यांनी झालं ते सांगितलं. स्वतःच्या बाजूने, नीट, क्रमाने. आईबद्दल बोललो तेही सांगितलं, कारण ते खोटं बोलणारे नव्हते. बायको ऐकता ऐकता दाराजवळच्या स्टुलावर बसली. चप्पल काढायची राहिली होती.

"असं बोललात तुम्ही भाऊजींना?"

"बोललो. नऊ वर्षं माझा अंदाज चुकवत आला."

"अहो, त्यांनीच तर चुकू दिला नाही तुमचा अंदाज."

त्यांना कळलं नाही. तिने मग सगळं सांगितलं. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. शनिवारी संध्याकाळी ते कच्च्या वहीत पाच वाक्यं लिहीत. रविवारी सात चाळीसला ते आंघोळीला गेले की ती वही उघडायची आणि धाकट्याला फोन करायची. धाकटा ते लिहून घ्यायचा, मग बाईंना आणि चष्मेवाल्याला फोन करून ज्याचं त्याला समजावून द्यायचा. बाईंनी एकदम कोठारावरून जायचं नाही, आधी पुढच्या दाराशी घुटमळायचं. चष्मेवाल्याने "अरे बापरे" दरवेळी म्हणायचं नाही. आठ पाचच्या आत सगळं व्हायचं. पाचही जुळले तर संशय येईल म्हणून एक कायम चुकवायचा, आणि चुकवण्याचा वाईटपणा धाकट्याने स्वतःकडे घेतला होता.

"तुम्ही बोलेनासे झाला होतात हो," ती म्हणाली. "मला भीती वाटली. मी त्यांना म्हटलं, एकदा तरी ह्यांचं बरोबर येऊ द्या. एकदाच म्हटलं होतं मी. मग तुम्ही भाजी खारट आहे म्हणालात. मग पुन्हा कसं थांबायचं?"

तक्तेवाले कपाटाशी गेले. लखोट्यांचे गठ्ठे तिथे वर्षवार बांधून ठेवलेले होते. वरचा गठ्ठा हातात घेऊन ते उभे राहिले.

"पुलाचं वाक्य?"

"ते पण."

"बाईंनी मशाल विझवली ते? ते मी तीन दिवस विचार करून..."

"त्यांना आवडलं नव्हतं ते. भाऊजींनी समजूत घातली."

"एक तरी माझं होतं का?"

बायकोने खरंच आठवून बघितलं. तिने पटकन हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं. "पहिल्या वर्षी," ती म्हणाली, "एकदा दोन आले होते."

ज्याला नऊ वर्षं आळशी म्हटलं, त्याने नऊ वर्षं दर रविवारी सकाळी पंचवीस मिनिटांत तीन माणसांचा तक्ता बसवला होता. एकदाही गाडी चुकली नव्हती. आणि ज्याला माणसं कळतात, त्याला टेबलाशी दोन हातांवर बसलेल्या सख्ख्या भावाचं एवढं कळलं नव्हतं. तक्तेवाल्यांना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली राग होता, आणि तो आता कोणावर काढायचा ते कळत नव्हतं. म्हणजे खेळ चाललेलाच नव्हता. ते सूत्रधार नव्हतेच. तीन शहाणी माणसं एका आजाऱ्याला सांभाळत होती.

आठवडा डेपोत सह्या करण्यात गेला. शनिवारी संध्याकाळी कागद घेऊन बसले. माफी मागायची तरी ती अशीच जाऊन कशी मागणार? डाव्या बाजूला धाकटा काय म्हणेल ते, उजव्या बाजूला आपण काय म्हणायचं ते. सात रकाने झाले. पहिल्यात तो दार लावून घेतो. दुसऱ्यात आईचा विषय काढतो. तिसऱ्यात म्हणतो, 'जाऊ दे दादा, झालं गेलं.' त्यापुढे लिहिलं होतं, 'नाही, माझं चुकलं.' चौथ्यात तो रडतो. पाचव्यात उपरोधाने बोलतो, सहाव्यात दादालाच समजावतो. सातव्यात काहीच बोलत नाही.

"मी भाऊजींना फोन करून ठेवू का?" खांद्यावरून कागद वाचून बायकोने विचारलं.

"नको," ते म्हणाले. "आता तरी नको." आणि कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला.

रविवारी चारच्या सुमाराला ते निघाले. धाकटा टाइपरायटरच्या एका बंद पडलेल्या दुकानावर राहायचा. लोखंडी जिना, मग लांब व्हरांडा, शेवटचं दार. अर्ध्या जिन्यावरच त्यांना बाईंचं हसणं ऐकू आलं. दाराशी येईपर्यंत शब्द कळायला लागले. चष्मेवाला कोणाला तरी दम देत होता आणि धाकटा खांदे पाडलेल्या आवाजात बोलत होता. नावाडी. म्हणजे मिठाचंच शहर. त्यांचं. दरवाजे सात की आठ, पाळ्या कोणाच्या, काही पत्ता नसलेलं, आणि तरी ते शहर आत जिवंत चाललं होतं. कोणीतरी चौथ्या दरवाजाला दुसरा म्हणालं. तक्तेवाल्यांच्या तोंडून दुरुस्ती निघता निघता राहिली.

त्यांनी दार वाजवलं. धाकटा बाहेर आला आणि त्याने दार मागे ओढून घेतलं. पूर्ण लावलं नाही, आपल्या पाठीला टेकवून धरलं. हातात फासा होता.

"दादा."

पहिला रकाना गेला. बाकी सहा उरले. "मला वहिनीने... म्हणजे तुझ्या वहिनीने सांगितलं सगळं," ते म्हणाले. हे कागदावर नव्हतं, पण आता सुरू झालं होतं. "मी तुला जे बोललो..."

"राग नाहीये दादा," धाकटा म्हणाला. तो उपरोध नव्हता. डोळे कोरडे होते, आवाज साधा होता. लिफ्ट कधी चालू होईल हे गिऱ्हाईकाला सांगावं तसा. "तेव्हा आला होता. मग गेला."

राग नसण्याचा रकाना त्यांनी केला नव्हता. हात खिशाकडे गेला आणि थांबला. कागद बाहेर काढून बघणं शक्य नव्हतं. मग आयुष्यात पहिल्यांदा, काही न ठरवता, त्यांच्या तोंडून गेलं, "मग मी येऊ का आत? एखादं छोटं पात्र दे. मी कोपऱ्यात बसेन."

धाकट्याने फासा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"नको दादा. तू बसलास की सगळे तुझ्या तोंडाकडे बघून खेळतील. त्यांना सवय आहे. मलाही आहे. नऊ वर्षं तुझा चेहरा पडू नये म्हणून खेळलो आम्ही. आता मला जरा नुसतं खेळायचंय."

आतून बाईंनी हाक मारली, "कोण आहे हो?"

"कोणी नाही," धाकट्याने मान न वळवता उत्तर दिलं. "शेजारचे आहेत. नळाला पाणी येतं का विचारतायत."

किती सहज आलं ते. एक क्षणही लागला नाही. तक्तेवाल्यांना तेवढ्यातही वाटून गेलं की हे आपल्याला जन्मात जमलं नसतं. भावाने त्यांची अब्रू राखली होती की त्यांना पुसून टाकलं होतं, ते त्यांना ठरवता येईना. बहुधा दोन्ही.

"वहिनींना नमस्कार सांग," धाकटा म्हणाला आणि आत गेला. दार लागलं. व्हरांडा संपायच्या आत नावाड्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

तक्तेवाले सरळ घरी गेले नाहीत. डेपोपर्यंत चालत गेले, फलकावरचा उद्याचा तक्ता वाचला, त्यात दोन चुका दिसल्या, कोणाला न सांगता परत फिरले.

दार बायकोने उघडलं. तिच्या डोळ्यांवर चष्मा होता. हा चष्मा ती वाचायला लावत नाही, शिवायला लावत नाही. फक्त फोनचे आकडे दाबायला लावते. टेबलावर फोन उलटा पडलेला होता आणि तिचं नाक लाल झालं होतं.

"काय म्हणाले भाऊजी?" तिने विचारलं.

तक्तेवाल्यांनी चपला काढल्या, एकीला एक लावून ठेवल्या. तिसरा रकाना त्यांना पाठ होता.

"म्हणाला, जाऊ दे दादा, झालं गेलं."

 बायकोने चष्मा काढला, त्याच्या काड्या मिटल्या आणि नऊ वर्षं जशी हसायची तशी हसली.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "म्हणजे तुमचा अंदाज बरोबर आला."

"आला," ते म्हणाले, आणि हात धुवायला आत गेले.